पाळकहो, रविवारी म्हणतो त्याचा अर्थ आम्हाला विचारू द्या

महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे आदरणीय पाळक, वडील, पास्टोरेट कमिटीचे सभासद आणि संडे स्कूलचे शिक्षक बंधुभगिनी यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

दर रविवारी उपासनेत आपण सगळे उभे राहतो आणि विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची ठरलेली कबुली, म्हणतो. सर्वसमर्थ पित्यापासून सुरुवात होते आणि सार्वकालिक जीवनापाशी शेवट होतो. मिनिटभराचे काम. लहानांना पाठ आहे, म्हाताऱ्यांना पाठ आहे, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पाठ आहे. मग 'आमेन' म्हणून आपण खाली बसतो आणि सूचना वाचल्या जातात. मी बरीच वर्षे संडे स्कूलमध्ये शिकवते. त्या मिनिटभरात आपण जे म्हणतो ते काय आहे, हे आम्हाला नीट शिकवा आणि शिकवताना आम्हाला प्रश्न विचारू द्या, एवढे मागण्यासाठी हे पत्र आहे.

२०२५ साली नायसीयाच्या परिषदेला १७०० वर्षे झाली. आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी इ.स. ३२५ मध्ये बिशप जमले होते. त्यांच्यापुढचा वाद विद्वानांचा वाटतो, पण तो तुमच्या-माझ्या घरातला आहे. अलेक्झांड्रियाचा आरियस शिकवत होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे. सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ, पण निर्माण केलेलाच. परिषदेने उत्तर दिले की नाही, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी आपण जो लांब नायसीन विश्वासांगीकार म्हणतो, तो याच उत्तरातून आला आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पुरा झाला.

आता श्रीरामपूरच्या एखाद्या बाईला याचे काय? आरियस बरोबर असेल, तर क्रूसावर देव स्वतः आला नाही. त्याने दुसऱ्या कोणाला पाठवले आणि आपण दूर राहिला. मग आपण ज्याच्या पाया पडतो तो देव आपल्या दुःखाला कधी शिवलेलाच नाही. आरियसला विरोध करणाऱ्या तरुण अथनासियसने आयुष्यभर हा मुद्दा सोडला नाही, आणि त्यापायी पाच वेळा हद्दपारी सोसली. पुढे नाझियान्झसच्या ग्रेगरीने दुसरी बाजू मांडली, की ख्रिस्ताने जे धारण केले नाही ते बरे झालेले नाही. त्याला माणसाचे मन नसते, भीती नसती, थकवा नसता, तर आपले मन, आपली भीती आणि आपला थकवा यांना तारण नसते. हे आम्हाला कोणी सांगितले, तर देहधारणाचा, म्हणजे देव माणूस झाला हा, सिद्धांत डिसेंबरातल्या नाटकापुरता राहणार नाही. बाळंतिणीच्या खाटेपाशी आणि शेतमजुराच्या बांधावरही त्याचा अर्थ लागेल.

हे शिकवले जात नाही तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. तिथे काय येऊन बसते ते मी पाहिले आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात तरुण मुलगा आजारपणात गेला. घरच्यांनी उपास केले होते, प्रार्थनासभा ठेवल्या होत्या, गावोगावच्या माणसांना बोलावून हात ठेवून घेतले होते. मातीनंतर तिसऱ्या दिवशी सांत्वनाला आलेल्या एकाने त्या आईला सांगितले, "बाई, कुठेतरी विश्वास कमी पडला." ती बाई त्यानंतर कितीतरी महिने मंडळीत आली नाही. कोणी म्हणेल, बोलणाऱ्याला पोच नव्हती. मला वाटते प्रश्न पोच असण्याचा नव्हता. त्याने त्याचा सिद्धांत सांगितला. विश्वास भरपूर असेल तर दुःख येत नाही, आणि दुःख आले म्हणजे विश्वास तोकडा, हा तो सिद्धांत. कोणत्याही परिषदेने तो मान्य केलेला नाही आणि कोणत्याही विश्वासांगीकारात तो नाही. तरी आज आपल्या कितीतरी लोकांचा खरा, दैनंदिन विश्वासांगीकार तोच आहे.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभूचे उत्तर स्पष्ट आहे: याचेही नाही, याच्या आईबापांचेही नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला. मरियेला आणि मार्थेला त्याने "तुमचा विश्वास कमी पडला" असे म्हटले नाही. आणि आपला विश्वासांगीकार तर प्रभूच्या जन्मावरून थेट त्याच्या दुःखसहनावर येतो. रोमी सुभेदार पंतय पिलाताचे नाव घेऊन, इतिहासातली जागा दाखवून सांगतो की देवाच्या पुत्राने दुःख सोसले, तो मेला, त्याला पुरले. त्या आईजवळ बसून कोणी एवढे एक वाक्य तिच्याबरोबर सावकाश म्हटले असते, तर तिला कळले असते की मुलाला पुरणे काय असते हे पित्याला ठाऊक आहे. ते वाक्य तिला पाठ होते. त्याचा अर्थ तिला कोणी दिला नव्हता.

याच रिकाम्या जागेत सौदाही येतो. अमुक रक्कम 'बियाणे' म्हणून पेरा, शंभरपट पीक येईल. प्रार्थना केलेले तेल न्या, रुमाल न्या, व्हिसा मिळेल, नोकरी लागेल. त्या सभांना जाणारी माणसे आपलीच आहेत आणि ती अडचणीत आहेत, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण १५१७ साली विटेनबर्गमध्ये मार्टिन लूथर उभा राहिला तो देवाची क्षमा कागदावर लिहून विकली जात होती म्हणून. आपण प्रॉटेस्टंट म्हणवतो ते त्या दिवसामुळे. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, आणि तेही आपल्या हातून नाही तर देवाचे दान, हे इफिसकरांस पत्रातले वचन आमच्या मुलांना तोंडपाठ असते. मग त्याच मुलांचे आईवडील बियाणे पेरायला जातात तेव्हा मंडळीने गप्प का बसावे?

प्रश्न विचारायला आपण घाबरतो, आणि कोणी विचारला की 'शंका घेऊ नये' म्हणून त्याला बसवतो. म्हणून पंडिता रमाबाईंची आठवण करून द्यावीशी वाटते. आपण त्यांची छायाचित्रे लावतो, त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनची सहल काढतो, तिथल्या १९०५ च्या संजीवनाविषयी, म्हणजे आध्यात्मिक जागृतीविषयी, संदेश देतो. पण त्यांच्या विश्वासाचा एक मोठा भाग आपण सांगत नाही.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे तिथल्या धर्मभगिनींकडे, राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा व त्यांची मुलगी छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर पुढची काही वर्षे रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, हे नेमके काय? येशूच्या देवत्वाविषयी शास्त्र काय म्हणते आणि चर्च काय म्हणते? अथनासियसच्या नावाने चालणारा तो कडक विश्वासांगीकार मी कशासाठी म्हणायचा? त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हे प्रश्न अहंकाराचे वाटले. रमाबाईंनी त्यांना १८८५ मध्ये लिहिलेल्या पत्राचा आशय असा, की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली ती देणार नाही. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांची रीत वेगळी होती. ही विचार करणारी बाई आहे, तिच्याशी विचारानेच बोलले पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि पत्रांतून तिच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिल्या.

रमाबाई विश्वासातून गळाल्या का? उलट बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, मुंबई-पुण्यात त्यांचे विधवांसाठीचे शारदा सदन चालू असताना, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण खुद्द ख्रिस्त अजून सापडायचा आहे. त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत हे लिहून ठेवले. एवढे मोठे वाक्य प्रश्न न विचारणाऱ्या माणसाच्या तोंडून निघत नाही. आणि त्याच साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याआधी फुलहॅम येथे सिस्टर्सचे पतित म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले. या बायकांची एवढी काळजी का, असे विचारल्यावर सिस्टर्सनी त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, योहानाचा चौथा अध्याय. विहिरीपाशी बसून प्रभू ज्या बाईशी बोलला ती गावाने टाकलेली होती, आणि खऱ्या उपासनेविषयीची सर्वांत खोल शिकवण त्याने तिलाच दिली. पाण्याच्या घागरीपाशी, एका बाईच्या प्रश्नांना उत्तर म्हणून! 'तुम्ही यहूदी असून मजजवळ पाणी कसे मागता?' 'उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमेत?' तिने विचारले आणि त्याने सांगितले. पुढे केडगावात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींबरोबर रमाबाईंनी अशा स्त्रियांसाठी कृपा सदन उभारले. इंग्लंडमधल्या वाचनाची आणि वादाची ती फळे आहेत. सिद्धांत आणि सेवा ही दोन वेगळी खाती आपण केली, त्यांनी केली नव्हती.

मरेपर्यंत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यातून निघाले. कमी शिकलेल्या बायाबापड्यांना कळावे अशा साध्या मराठीत ते असावे, हा त्यांचा आग्रह. ज्या बाईने पुरोहितांच्या हातातले ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत यावे म्हणून आयुष्य दिले, तिच्या लेकींना महिला मंडळात वर्षानुवर्षे फक्त नाश्त्याची आणि सजावटीची जबाबदारी मिळावी, हे मला सहन होत नाही.

प्रश्नोत्तराने शिकवणे ही काही नवी, परदेशी कल्पना नाही. मराठीतले ख्रिस्ती साहित्य ज्या ग्रंथापासून सुरू होते, ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण, १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यात पाद्री कथा सांगतो आणि श्रोते मधूनमधून त्याला विचारतात, अडवतात. आणि त्या पुराणाचे नमन कसे आहे?

"वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था"

पुढे स्वर्ग-पृथ्वीच्या रचणाऱ्याला वंदन आहे. म्हणजे विश्वासांगीकाराचे पहिले कलम ओवी होऊन मराठीत आले, चारशे वर्षांपूर्वी. आपल्या किती मंडळ्यांत ही ओवी कधी म्हटली गेली आहे?

लूथरने १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, कारण सॅक्सनीतल्या मंडळ्या पाहून आल्यावर त्याला कळले होते की लोकांना साधी प्रभूची प्रार्थनाही नीट माहीत नाही आणि शिकवणाऱ्यांनाही नाही. त्या पुस्तिकेत प्रत्येक कलमानंतर तोच प्रश्न परत येतो: याचा अर्थ काय? ती घरातल्या मोठ्या माणसाने मुलांना शिकवावी म्हणून लिहिली होती. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली तर पहिल्याच प्रश्नात विचारते, की जगताना आणि मरताना तुझे एकमेव सांत्वन कोणते? उत्तराचा गाभा असा, की मी माझा स्वतःचा नाही, देहाने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, मी माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा आहे. एकशे एकोणतीस प्रश्न, आणि ते वर्षाच्या बावन्न रविवारांत वाटून दिलेले. वर्षभर पुरेल असा अभ्यास चारशे साठ वर्षे तयार पडून आहे.

आता त्रैक्याविषयी, कारण मुलांना सर्वांत जास्त अडवले जाते ते इथे. शाळेत मैत्रीण विचारते, "तुमचे देव तीन कसे?" मूल घरी येते, घरच्यांना सांगता येत नाही, रविवारी आम्हा शिक्षकांना विचारते. आम्ही पाणी, बर्फ आणि वाफ यांचे उदाहरण देतो. हे उदाहरण चुकीचे आहे. एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा अशी रूपे घेतो, असे त्यातून निघते, आणि हीच सबेलियसची शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली. यार्देन नदीत पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी आकाशातून येते आहे, तिघे एकाच वेळी. मुले हे चित्र पटकन समजतात, मोठ्यांपेक्षा लवकर. मग त्यांना विचारावे, देव प्रीती आहे असे योहान लिहितो, तर जग नव्हते तेव्हा देव कोणावर प्रीती करत होता? योहानाच्या सतराव्या अध्यायात पुत्र पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे आपल्याला निर्माण करण्याआधीपासून देवाच्या ठायी देणेघेणे आहे, ऐकणे आहे, प्रीती आहे. एकट्या, अबोल सत्तेपुढे आपण गुडघे टेकत नाही. ज्या घरात बाप बोलतो आणि बाकी सगळे ऐकतात, तिथे हा सिद्धांत पोचला तर घर बदलेल. शाळेतल्या मैत्रिणीला मुलगी नम्रपणे उत्तर देऊ शकेल ते वेगळेच, पेत्राने तर तयार राहायलाच सांगितले आहे.

बाप्तिस्म्याविषयी एकच बोलते, पण ते टाळता येणार नाही. 'पापक्षमेसाठी एकच बाप्तिस्मा' असे आपण नायसीन विश्वासांगीकारात म्हणतो, आणि मुलांची स्थळे पाहताना पणजोबांची जात विचारतो. लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच सोवळेओवळे सोडले होते, जात देवाने केलेली नाही एवढे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले म्हणून. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा जात मागे पडलेली होती. आपल्या घरांत तिसऱ्या-चौथ्या पिढीलाही ती मागे पडत नसेल, तर बाप्तिस्म्याचा सिद्धांत आपण शिकवलाच नाही, नुसते पाणी शिंपडले, असे म्हणावे लागते. लग्न जुळवणाऱ्या वडील मंडळींनी हे मनावर घ्यावे.

आणि शेवटी येणारे, घाईत म्हटले जाणारे कलम, शरीराचे पुनरुत्थान. मातीच्या वेळी आपण म्हणतो, आत्मा प्रभूकडे गेला, हे तर आता कवच. पण विश्वासांगीकार कवच म्हणत नाही. हाच देह उठवला जाणार आहे, असे तो म्हणतो. म्हणून देहाची किंमत आहे. १८९४ मध्ये मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभारले, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला जाऊन खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर, दलित आणि टाकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. ज्या धर्मात देह हे फेकून द्यायचे कवच असते, तिथे कुपोषित मूल आणि गरोदर बाई यांच्यासाठी आयुष्य घालण्याचे कारण शोधावे लागते. आपल्याकडे ते कारण दर रविवारी मोठ्याने म्हटले जाते. आमच्या नर्सेसना, आशा ताईंना, घरात अंथरुणावर पडलेल्या सासूचे सगळे करणाऱ्या सुनांना हे कळू द्या की त्यांच्या हातातले काम या कलमाचे आहे.

पाळकहो, तुमची ओढाताण मला दिसते. एका पाळकाकडे चार-पाच गावे, मातीची आणि लग्नांची धावपळ, त्यात शाळेची कमिटी, जमिनीचे खटले, धर्मप्रांताच्या सभा. शिकवायला वेळ कुठला? दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी स्वतः विश्वासाची कबुली देण्याच्या विधीचा, वर्ग पुनरुत्थानाच्या सणाआधी काही आठवड्यांत उरकावा लागतो, मुले उत्तरे पाठ करतात, बिशप येतात, फोटो होतात, आणि त्यातली निम्मी मुले नंतर दिसत नाहीत. यात मुलांचा दोष मला दिसत नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना कोणी बसून उत्तर दिले असते तर ती आली असती.

म्हणून माझे मागणे आटोपशीर आहे. दर रविवारी म्हणतो त्या प्रेषितांच्या विश्वासांगीकाराची परंपरेने बारा कलमे मानली जातात आणि वर्षाचे महिने बारा. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मंडळीचे वर्ष सुरू होते, तेव्हापासून महिन्याला एक कलम घ्या. एका रविवारी त्यावर उपदेश, आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी फक्त प्रश्न. त्या संध्याकाळी मंडळीच्या वडिलांनी मागे उभे राहून देखरेख करू नये, खाली सतरंजीवर बसावे आणि त्यांनीही विचारावे. महिला मंडळातल्या ज्या बहिणींनी सेमिनरीचे पत्राद्वारे शिक्षण घेतले आहे, त्यांना शिकवू द्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना स्वतंत्र संध्याकाळ द्या, कारण मोठ्यांसमोर ती बोलत नाहीत. एखाद्या प्रश्नावर पाळकाने "मला हे माहीत नाही, पुढच्या वेळी पाहून सांगतो" असे म्हटले, तर आमचा आदर वाढेल. बिरुयाच्या लोकांनी पौलाची शिकवणसुद्धा दररोज शास्त्रात तपासून पाहिली, आणि प्रेषितांची कृत्ये त्यांना त्यासाठी थोर मनाचे म्हणते.

थोमाने खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय मानणार नाही असे म्हटले तेव्हा प्रभूने त्याला खोलीबाहेर काढले नाही, हात पुढे केला. आणि "माझा प्रभू व माझा देव" हा शुभवर्तमानातला सर्वांत थेट विश्वासांगीकार त्या संशयी माणसाच्याच तोंडून आला. आजारी मुलाचा बाप म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, आणि तेवढ्यावर मूल बरे झाले. आमच्या मंडळ्यांत असे बाप आहेत, असे थोमा आहेत. ते मागच्या बाकांवर बसतात आणि प्रार्थना संपायच्या आत निघून जातात.

हा विषय आपल्या पुढच्या पास्टोरेट कमिटीच्या सभेत घ्यावा आणि काय ठरले ते मंडळीला उपासनेत सांगावे, ही विनंती. वर्गासाठी खोली झाडण्यापासून मुलांना घरून आणण्यापर्यंत जे काम द्याल ते आम्ही शिक्षक करू. यंदाचा आगमनकाळ हुकू देऊ नका.

आपली, ख्रिस्तात बहीण,
मराठी मंडळीतली एक संडे स्कूल शिक्षिका